उडणाऱ्यांच्या आणि उडवणाऱ्यांच्या गोष्टी : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या शाळांत, वाचनालयांत आणि गणेशोत्सवाच्या व्याख्यानांत मी विमानांच्या आणि अवकाशमोहिमांच्या गोष्टी सांगतो. व्याख्यान संपलं की प्रश्न सुरू होतात आणि पुढचे कित्येक दिवस फोनवर येत राहतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. यंत्रांचे आकडे कुठेही मिळतात. मला ओढ आहे ती त्या यंत्रांना हात लावलेल्या माणसांची, आणि त्यातही ज्यांचं नाव पाटीवर लागलं नाही अशांची. त्यामुळे उत्तरं त्या बाजूला झुकलेली आहेत. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे, आणि शेवटी आपल्या जिल्ह्याचे.

१. विमानाचा शोध राइट बंधूंनी लावला म्हणतात. मग त्यांच्याआधी माणूस आकाशात गेलाच नव्हता का?

गेला होता. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये दोन माणसं माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून उडाली. पण फुगा वारा नेईल तिकडे जातो. पुढे जर्मनीत ओटो लिलिएंटाल स्वतः बनवलेले पंख घेऊन टेकडीवरून झेपावत असत. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचं ग्लायडर कोसळलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या बातमीनंतर अमेरिकेतल्या डेटन गावच्या दोन सायकल दुकानदारांना या विषयाने धरलं. ते विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

त्यांचं श्रेय नेमकं असं : हवेपेक्षा जड, इंजिनाच्या जोरावर उडणारं आणि आत बसलेल्या माणसाच्या ताब्यात राहणारं विमान. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूत ऑर्व्हिल १२ सेकंद आणि १२० फूट उडाला. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट गाठले. पहिल्या उड्डाणाचा जो फोटो सगळ्या पुस्तकांत असतो, तो जॉन डॅनियल्स नावाच्या माणसाने काढला. तो किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यावर कामाला होता आणि त्याने त्याआधी कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. ऑर्व्हिलने कॅमेरा लावून ठेवला होता, डॅनियल्सने ऐन वेळी रबरी गोळा दाबायचा होता. त्याने तो दाबला. दुपारी उभं विमान वाऱ्याने उलटलं, तेव्हा ते धरायला धावलेला डॅनियल्सच त्यात अडकून फरफटला. हाडं मोडली नाहीत, खरचटण्यावर निभावलं.

२. राइट बंधूंनी इंजिनिअरिंग केलं होतं का? आमचा मुलगा आयटीआयला आहे, त्याला सांगायचं आहे.

दोघांपैकी एकाकडेही हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला नव्हता. पण तुमच्या मुलाला मी राइट बंधूंपेक्षा चार्ली टेलरची गोष्ट सांगेन. हा त्यांच्या सायकल दुकानातला मेकॅनिक. हवं तसं हलकं इंजिन द्यायला मोटारींचा एकही कारखानदार पुढे येईना, तेव्हा टेलरने दुकानातल्या लेथवर आणि ड्रिल मशीनवर सुमारे सहा आठवड्यांत ते घडवलं. ॲल्युमिनियमचा ओतीव सांगाडा, चार सिलिंडर, साधारण १२ अश्वशक्ती. क्रँकशाफ्टसाठी त्याने पोलादाच्या जाड पट्टीवर आकार काढला, कडेने भोकं पाडली, छिन्नीने जादा पोलाद उडवलं आणि उरलेलं लेथवर तासलं. ते इंजिन नसतं तर १७ डिसेंबरची तारीख आपण पाठ केली नसती.

टेलर १९५६ साली वारला तेव्हा त्याच्या गाठीला जवळजवळ काही नव्हतं. आज अमेरिकेत २४ मे हा त्याचा जन्मदिवस विमान देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.

३. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ सालीच चौपाटीवर विमान उडवलं होतं ना? मग राइट बंधू पहिले कसे?

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो आणि तो आपुलकीतून येतो, म्हणून नीट उत्तर देतो. तळपदे ही खरी व्यक्ती. जुन्या ग्रंथांच्या आधारे विमान बनवायचा ध्यास त्यांनी घेतला होता, हेही खरं. पण ते यंत्र चौपाटीवर उडालं याचा त्या काळचा मोजमापासह अहवाल, फोटो किंवा यंत्राचा एखादा सुटा भाग समोर आलेला नाही. सांगणारे सांगतात तसं धरलं, तरी त्या यंत्रात माणूस बसलेला नव्हता. म्हणजे पहिल्या उत्तरातली 'माणसाच्या ताब्यातलं' ही अट तिथे लागूच होत नाही.

याला जोडून 'वैमानिक शास्त्रा'चं नाव निघतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तो ग्रंथ तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. माझं मत विचाराल तर तळपदेंच्या ध्यासाला मान द्यावा. सिद्ध न झालेलं उड्डाण त्यांच्या नावावर टाकलं तर त्यांचा मान वाढत नाही.

४. जेआरडी टाटांचं पहिलं टपालाचं विमान सोलापूरवरून गेलं होतं का?

नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी पुस मॉथ जातीचं छोटं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणलं. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट हे त्यांचे सहकारी टपाल घेऊन बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. नकाशावर मुंबई ते बळ्ळारी रेघ ओढून पाहा, ती सोलापूरच्या बरीच नैऋत्येकडून जाते. अहमदाबादला या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. (बैलगाडी या इतिहासात पुन्हा एकदा भेटते, प्रश्न १६ पाहा.)

जेआरडींची मला जास्त आवडणारी गोष्ट दोन वर्षं आधीची आहे. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. १९३० साली जेआरडी भारतातून निघाले, अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तर अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसलेला. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अस्पीने जिंकलं. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

५. मुलीला पायलट व्हायचंय, घरचे 'हे बायकांचं काम नाही' म्हणतात. जुनी उदाहरणं आहेत का?

भरपूर. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवलं, तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या, अंगावर साडी होती आणि घरी लहान मुलगी होती. त्यांना या क्षेत्रात आणलं ते वैमानिक असलेल्या नवऱ्याने. तो १९३९ मध्ये विमान अपघातात गेला आणि त्यांचं व्यावसायिक वैमानिक होणं राहून गेलं. मग त्या चित्रकला शिकल्या आणि फाळणीनंतर दिल्लीत त्यांनी दागिन्यांच्या आणि कापडाच्या डिझाइनचा धंदा उभा केला.

प्रेम माथूर यांना अनेक विमान कंपन्यांनी नकार दिला, बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसायचे नाहीत म्हणून. शेवटी आपल्या शेजारच्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं. आणि घरच्यांना मराठी नाव हवं असेल तर कॅप्टन सौदामिनी देशमुख. १९८५ साली कोलकाता ते सिलचर या फोकर विमानाच्या त्या कॅप्टन होत्या आणि त्यांच्या शेजारी निवेदिता भसीन होत्या. आतले सगळे कर्मचारी महिला असण्याची ती भारतातली पहिली वेळ.

६. युरी गागारीन यानातूनच जमिनीवर उतरले का? पुस्तकांत वेगवेगळं लिहिलंय.

यानातून नाही. १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीची फेरी झाली. यान खाली येताना माणसाला झेपेल इतकं हळू टेकत नव्हतं, म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर ते आसनासह बाहेर फेकले गेले आणि वेगळ्या पॅराशूटने उतरले. विक्रमाच्या नियमात वैमानिक आपल्या यानासह उतरायला हवा होता. त्यामुळे ही गोष्ट सोव्हिएत सरकारने बरीच वर्षं झाकून ठेवली, आणि जुन्या पुस्तकांतली माहिती तिथेच अडकली.

ते उतरले साराटोव्ह भागात एका शेताजवळ. तिथे आन्ना तख्तारोव्हा ही बाई आणि तिची छोटी नात रीता बटाट्याच्या कामात होत्या. नारिंगी पोशाख, पांढरं शिरस्त्राण असा प्राणी आभाळातून येताना पाहून दोघी मागे सरायला लागल्या. 'मी आपलाच माणूस आहे' हे पटवून द्यायला गागारीनना जरा वेळ लागला. अवकाशातून परतलेल्या पहिल्या माणसाचं स्वागत एका शेतकरी आजीने आणि नातीने केलं. आणि तो माणूस होता सुताराचा मुलगा, ओतारीकाम शिकून पुढे आलेला. दुसऱ्या प्रश्नातल्या आयटीआयच्या मुलाला हेही सांगा.

७. लायका कुत्री परत आली का?

हा प्रश्न तिसरी-चौथीतली मुलं विचारतात आणि पालक माझ्याकडे 'खोटं सांगा' अशा नजरेने बघतात. मी खरं सांगतो. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी तिला घेऊन गेलेल्या स्पुटनिक-२ मध्ये परतीची सोयच नव्हती. ती काही दिवस जगली असं तेव्हा सांगितलं गेलं. प्रत्यक्षात यान तापल्यामुळे काही तासांतच ती गेली, आणि हे २००२ मध्ये उघड झालं. मॉस्कोच्या रस्त्यावरची ती भटकी कुत्री होती. उड्डाणाआधी त्या प्रकल्पातले डॉक्टर व्लादिमीर याझदोव्स्की तिला मुलांशी खेळायला स्वतःच्या घरी घेऊन गेले होते.

लहानग्यांना लगेच पुढची गोष्टही सांगा. ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या अवकाशात जाऊन सुखरूप परतल्या आणि स्ट्रेल्काला नंतर पिल्लंही झाली.

८. पहिली महिला अंतराळवीर गिरणी कामगार होती, हे खरं का?

खरं. आणि ज्या गावात जुनी मिल, नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णूच्या भोंग्यावर घरची चूल पेटत होती, त्या गावात ही गोष्ट ठाऊक नसावी याची मला खंत वाटते. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा यारोस्लाव्हलच्या कापड गिरणीत काम करत होत्या. आईही गिरणीतच. वडील ट्रॅक्टरचालक, युद्धात गेले. कामाच्या वेळेनंतर त्या क्लबात पॅराशूटच्या उड्या मारायला शिकल्या, आणि याच कौशल्याने त्यांची निवड झाली, कारण वोस्तोक यानातून परतताना पॅराशूटनेच उतरायचं होतं (का ते प्रश्न ६ मध्ये आहे).

आईला त्यांनी पॅराशूटच्या स्पर्धेला जाते असं सांगितलं होतं. १६ जून १९६३ रोजी सगळ्या देशाला कळलं तेव्हाच आईलाही कळलं. जवळजवळ तीन दिवसांत त्यांनी पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारल्या. परतीच्या आज्ञावलीत (प्रोग्रॅममध्ये) चूक होती, यान खाली येण्याऐवजी आणखी वर गेलं असतं. ते त्यांनी वरून कळवलं आणि दुरुस्ती झाली. ही चूक बाहेर सांगू नये असं त्यांना बजावण्यात आलं आणि त्यांनी सुमारे तीस वर्षं तोंड उघडलं नाही. तेवढ्या काळात त्यांच्या कामगिरीबद्दल मागून बरंच उणंदुणं बोललं गेलं.

९. चंद्रावर गेलेल्या यानाच्या कॉम्प्युटरची मेमरी हाताने विणली होती, असं तुम्ही म्हणालात. विणली म्हणजे नेमकं काय?

शब्दशः विणली. आणि हे उत्तर समजायला सोलापूरकरापेक्षा योग्य माणूस नाही.

अपोलो यानांच्या संगणकात कायमची आज्ञावली साठवायला तारेची स्मृती वापरली होती. लोखंडी जातीच्या बारीक कड्या ओळीने मांडायच्या आणि त्यांतून केसासारखी पातळ तांब्याची तार ओवत न्यायची. तार कडीच्या आतून गेली तर तिथे १ वाचला जातो, बाहेरून गेली तर ०. एकेका कडीशी १९२ तारांचा संबंध. एका खोक्यात ५१२ कड्या, अशी सहा खोकी, मिळून ३६,८६४ शब्दांची आज्ञावली. चंद्रावर कसं उतरायचं हे सगळं त्या तारांच्या वळणांत होतं.

हे काम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात चाले आणि ते करत बायका. त्यांतल्या कित्येक जणी आसपासच्या कापड गिरण्यांतून आणि घड्याळाच्या कारखान्यातून आलेल्या. हातात पोकळ सुई, तिच्यात तार. समोरचं यंत्र भोकं पाडलेल्या पट्टीवरची खूण वाचून नेमकी कडी समोर आणायचं, बाईने सुई त्यातून पलीकडे द्यायची आणि परत घ्यायची. पुढची खूण, पुढची कडी. एक आज्ञावली विणून व्हायला आठवडेच्या आठवडे लागत.

जॅकार्डवर चादर विणणाऱ्याला हे सांगितलं की तो लगेच मान हलवतो. कार्डावर भोक असेल तर ताणा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो, आणि तशा हजार निर्णयांतून मोर उमटतो. वॉल्थॅमच्या कारखान्यात मोराऐवजी चंद्रावर उतरायचा हिशेब उमटला. अशोक चौकात किंवा पूर्व भागात मागावर बसलेल्या कुणाही पद्मशाली कारागिराला दोन दिवस शिकवलं असतं तर त्याने ते काम केलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

याचा एक मोठा फायदा होता. विणलेलं ते विणलेलं. वीज गेली, यान हादरलं, तरी आज्ञावली पुसली जात नव्हती. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ वर उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत दोनदा वीज पडली आणि यानातले दिवे-इशारे वेडेवाकडे झाले, तरी विणलेली आज्ञावली शाबूत राहिली. तोटाही तोच : विणून झाल्यावर चूक सापडली तर उसवणं महाकठीण. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांच्या गटाला ती आधीच घासूनपुसून तपासावी लागे.

१०. आमचा गणवेश शिवायचा कारखाना आहे. अंतराळवीरांचे कपडे कोण शिवतं?

चंद्रावर चालताना घातलेले पोशाख प्लेटेक्स नावाने बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या कारागीर महिलांनी शिवले. एकावर एक २१ थर, आणि शिलाई ठरलेल्या रेषेवरून एका इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा जास्त हलता कामा नये. मशीन जवळजवळ एकेक टाका टाकत चालवावं लागे. टाचण्या मोजून मिळत, आणि एखादी आत राहिली नाही ना हे बघायला पोशाखाचा एक्स-रे काढत. एका टाचणीच्या भोकाने माणूस जाऊ शकतो हे त्या बायकांना ठाऊक होतं. तुमच्या मशीनवरच्या ताई-मावश्यांना हे जरूर वाचून दाखवा.

११. माणूस खरंच चंद्रावर उतरला का? झेंडा हलताना दिसतो म्हणे.

उतरला. १९६९ ते १९७२ या काळात १२ जण. झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, दांडा जमिनीत रोवताना कापड हललं आणि हवा नसल्यामुळे ते लवकर थांबलंही नाही. त्यांनी आणलेले ३८२ किलो दगड-माती जगभरच्या प्रयोगशाळांनी तपासली आहे. तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेसर मारून चंद्राचं अंतर मोजतात. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने उतरण्याच्या जागांचे आणि पायवाटांचेही फोटो काढले. एवढ्यानेही कुणाचं समाधान झालं नाही तर मी त्यांना नववं आणि दहावं उत्तर वाचायला सांगतो. इतक्या हातांनी इतकी वर्षं केलेलं काम नाटकासाठी कुणी करत नाही.

१२. नासाने पेनावर लाखो डॉलर घालवले आणि रशियाने पेन्सिल वापरली, ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट खरी का?

खोटी. सुरुवातीला दोघंही पेन्सिल वापरत. पण पेन्सिलीचं मोडलेलं टोक आणि शिशाची पूड यानात तरंगते, यंत्रात जाते, आणि ती जळूही शकते. अवकाशात चालणारं पेन पॉल फिशर या पेनवाल्याने स्वतःच्या पैशाने तयार केलं. नासाने ते विकत घेतलं, नंतर सोव्हिएत संघानेही.

खरी गोष्ट वेगळी आहे. चंद्रावरून परत निघायच्या इंजिनाला वीज देणारं एक बटण अपोलो-११ मध्ये तुटलं, बहुधा जाड पोशाखात वळताना धक्का लागून. बझ ऑल्ड्रिननी ते खाली पडलेलं पाहिलं. मग खिशातलं फेल्ट पेन त्या भोकात घालून आतला भाग दाबला. प्लास्टिकचं होतं, म्हणून विजेची भीती नव्हती.

१३. अवकाशात गेलेले पहिले भारतीय कोण? कल्पना चावला, राकेश शर्मा की शुभांशू शुक्ला? परीक्षेत काय लिहायचं?

परीक्षेत राकेश शर्मा. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून गेले आणि सल्युत-७ या स्थानकावर राहून ७ दिवस २१ तास ४० मिनिटांनी परतले. कल्पना चावला कर्नालला जन्मल्या, तिथेच वाढल्या, पण १९९७ मध्ये गेल्या तेव्हा त्या अमेरिकेच्या नागरिक होत्या. म्हणून 'भारतात जन्मलेली पहिली महिला' असं लिहिणं अचूक. शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी निघाले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलेले ते पहिले भारतीय, आणि राकेश शर्मांनंतर अवकाशात गेलेले दुसरे भारतीय नागरिक.

या तीन नावांसोबत मी आणखी दोन सांगतो : रवीश मल्होत्रा आणि प्रशांत नायर. पहिल्यांनी शर्मांसोबत आणि दुसऱ्यांनी शुक्लांसोबत तेच सगळं प्रशिक्षण घेतलं, तेवढीच तयारी केली. ऐन वेळी काही झालं तर जायचं, नाहीतर खाली थांबायचं. त्या मोहिमांत ते खाली थांबले.

१४. कल्पना चावलांचं यान वाचवता आलं असतं का?

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी मोठ्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला आणि तिथे भोक पडलं. १ फेब्रुवारीला परतताना त्यातून तप्त वायू आत शिरला आणि उतरायला सुमारे १६ मिनिटं असताना सात जण गेले. मधल्या दिवसांत काही अभियंत्यांनी पंखाचे फोटो काढावेत अशी मागणी केली होती. वरिष्ठांनी ती पुढे नेली नाही. भोक आधी कळलं असतं तर दुसरं यान घाईने पाठवून सुटका करण्याचा मार्ग अवघड पण शक्यतेतला होता, असं चौकशी मंडळाने नोंदवलं. तेव्हा 'वाचले असते' असं मी म्हणणार नाही. 'प्रयत्न करता आला असता' असं म्हणेन.

१५. एका अंतराळवीराचा देशच तो वर असताना नाहीसा झाला, ही गोष्ट खरी का?

सर्गेई क्रिकाल्योव्ह. १८ मे १९९१ रोजी सोव्हिएत नागरिक म्हणून मीर स्थानकाकडे निघाले, २५ मार्च १९९२ रोजी रशियाचे नागरिक म्हणून उतरले. मधे डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ संपला आणि त्यांच्या गावाचं लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं. जिथून उडाले आणि जिथे उतरले तो कझाकस्तानही तोवर वेगळा देश होता. त्यांच्या जागी जाणारा माणूस बदलला, म्हणून मुक्काम लांबला आणि ३११ दिवस झाले. थांबाल का असं विचारल्यावर ते हो म्हणाले.

१६. बैलगाडीवरचा उपग्रह : इस्रोकडे तेव्हा ट्रकसुद्धा नव्हता का?

ट्रक होते. बैलगाडी मुद्दाम आणली होती. ॲपल या उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती, आणि लोखंडी वाहनावर ठेवलं की त्या धातूमुळे लहरी बिघडतात. लाकडी गाडीने तो प्रश्न स्वस्तात सुटला. १९ जून १९८१ रोजी ॲपल गेला, त्याची एक सौर पट्टी उघडली नाही, तरी त्याने दोन वर्षांहून अधिक काम केलं. त्या फोटोकडे गरिबीचा फोटो म्हणून पाहू नका, तो डोकं चालवल्याचा फोटो आहे.

सायकलवरच्या रॉकेटचा फोटो याआधीचा, केरळातल्या थुंब्याचा. ती जागा शोधण्यात विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. तिथे कोळ्यांची वस्ती आणि मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांशी बोलून चर्च दिलं, बिशपांच्या घरात कचेरी भरली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेटच्या घन इंधनावर पुढे आपल्या वसंत गोवारीकरांनी आयुष्याची उमेद घातली. पण ज्या कोळ्यांनी घरं सोडली त्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत.

१७. आजोबा सांगायचे की गुलबर्ग्याकडच्या खेड्यांत आपल्या आधी टीव्ही आला होता. हे कसं?

आजोबा बरोबर आहेत. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने अमेरिकेच्या उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला. शेती, आरोग्य, शाळा असे विषय. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर होते. सीमेपलीकडच्या खेड्यात संध्याकाळी अख्खा गाव टीव्हीसमोर आणि अलीकडे अक्कलकोट तालुक्यात काही नाही, असं ते वर्ष गेलं. या प्रयोगाची धुरा मागच्या उत्तरातल्या चिटणीसांवर होती.

१८. सोलापूरवर विमानं फिरवून पाऊस पाडला होता, त्याचं पुढे काय झालं?

ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं संशोधन होतं. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात झालं आणि सोलापूर निवडलं ते पर्जन्यछायेत येतं म्हणून. वैमानिकाने वाढत्या ढगाच्या तळाशी जाऊन तिथल्या वर उसळणाऱ्या हवेत कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी पेटवायची, असं काम. एरवी वैमानिक ज्या ढगाला वळसा घालतो, त्याच्याकडे जाणारी ही माणसं. अभ्यासासाठी २७६ ढग निवडले, काहींत बीजारोपण केलं (म्हणजे अशी नळकांडी पेटवली), काही तुलनेसाठी तसेच सोडले. बीजारोपण केलेल्या ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के अधिक आढळला. पण आभाळ कोरडं असेल तर विमान काही करू शकत नाही. योग्य ढग आधी असावा लागतो, आणि दुष्काळात तोच नसतो.

होटगी रस्त्याच्या विमानतळावरून ९ जून २०२५ ला सुरू झालेली गोव्याची प्रवासी सेवा ही वेगळी गोष्ट, तिचा या प्रयोगाशी संबंध नाही.

१९. शेतात रंगीत पॅराशूट आणि पेटी पडलेली दिसली तर काय करायचं? गावात लोक घाबरलेत.

घाबरू नका आणि उघडूही नका. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथून पातळ पॉलिथिनचे प्रचंड फुगे उपकरणं घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. काम झालं की उपकरणं पॅराशूटने खाली येतात, वारा जसा असेल तशी, आणि सोलापूर, धाराशिव, लातूर हे जिल्हे त्या टापूत येतात.

अशाच फुग्यांतून २००१ आणि २००५ मध्ये वरची हवा भरून आणली होती. त्या प्रयोगांमागे जयंत नारळीकर होते, आणि त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. म्हणजे तुमच्या बांधावर पडलेल्या डब्यात कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कामाचं उत्तर असू शकतं. झाकण उघडलं की ते वाया जातं. काही उपकरणांत जास्त दाबाची वीज असते, तो धोका वेगळाच. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला असतो. त्यावर कळवा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात सांगा. संस्थेची माणसं येऊन घेऊन जातात आणि कळवणाऱ्याला बक्षीस व खर्च देतात. तोवर पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा, आणि पॅराशूटचं कापड कापून घरी नेऊ नका.